चार कामांचा चाकू आणि कचेरीचा व्हरांडा

मी अर्ज लिहितो. हे वाक्य मुद्दाम सर्वप्रथम लिहिले आहे. आमच्या तालुक्यात सरकार म्हणून जी काही हालचाल होते ती बहुतांशी मी लिहिलेल्या कागदामुळे होते, आणि जी होत नाही ती मी लिहिलेला कागद कोणी वाचत नाही म्हणून होत नाही. माझे शिक्षण मराठी सहा इयत्तांचे. सातवीच्या परीक्षेला मला बसवावे असे तेव्हाच्या मास्तरांना वाटले नाही. त्यामुळे सातवीत काय असते याविषयी माझे मन आजही निर्विकार आहे. ‘सबब’, ‘सदरहू’ आणि ‘मेहेरबान’ हे शब्द आपापल्या जागी बसवता आले की मनुष्याचे सातवीवाचून काही अडत नाही, असा माझा अनुभव आहे.

ही हकीकत घडली तेव्हा गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता, आमच्याकडे दारूबंदी होती, आणि मालवणच्या मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात आम्ही दोघे अर्जनवीस बसत होतो. दुसरा माझ्याहून वयाने मोठा, अक्षराने वाईट आणि तपकिरीमुळे जवळ बसण्यास अयोग्य असा होता. आमच्यामध्ये एक खांब होता. खांबाच्या पूर्वेला मी, पश्चिमेला तो. पूर्वेला उजेड चांगला आणि पावसाची झड कमी. ही जागा माझ्या दृष्टीने शेतजमिनीसारखी होती. उन्हाळ्यात अर्जनवीस झाडाखाली बसूनही पोट भरू शकतो. पण मृगापासून दसऱ्यापर्यंत ज्याच्या डोक्यावर कचेरीची कौले नाहीत त्याचा कागद भिजतो, शाई पसरते आणि पक्षकार शेजाऱ्याकडे जातो.

माझ्याजवळ तेव्हा एक पत्र्याची ट्रंक असे. तीत कात्री, दाभण, दोऱ्याचे रीळ, लाखेची कांडी, पेन्सिली तासण्याची सुरी आणि दुपारची भाकरी, अशी सर्व सामग्री व्यवस्थित एकमेकांत गुंतलेली असे. त्या वर्षी घाटावरून नवे मामलेदार आले. रुजू झाल्याच्या आठवड्यातच ते एक फाइल वाचत वाचत बाहेर आले आणि माझ्या ट्रंकेवरून पडले. पडताना त्यांनी फाइल डोक्यावर उंच धरली आणि सरकारी कागद जमिनीला लागू दिला नाही, हे मला त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. बाकी सर्व अंग लागले.

संध्याकाळी शिपाई हुकूम घेऊन आला. हा शिपाई आमच्याच बाजूचा असल्यामुळे साहेबांचे शुद्ध मराठी तो वाटेतच उतरवून ठेवत असे.

“ओ, दोघांनी आयका. सायब म्हणतत, व्हरांड्यात माणूस, कागद आणि दौत. बाकी जा काय आसात ता खिशात मावाक होया. ट्रंक दिसली तर ती थेट बंदरात.”

“आणि कात्री वगैरे लागली तर?” मी विचारले.

“आतली कातर, आतलो दाभण, कायएक भायर गावचा नाय. आणि दुसरा आयका. सायबाक हय एकच अर्जवालो होयो. पावसाच्या आत तुमच्यातलो जो पयलो आत हात पसरीत येतलो, तो उठतलो.”

शेजाऱ्याने शांतपणे तपकीर ओढली. त्याच्या शांतपणाचे कारण मला ठाऊक होते. त्याच्याकडे ट्रंक कधीच नव्हती. त्याच्याकडे उजव्या अंगठ्याचे नख होते. कागद दुमडून त्यावरून तो ते नख फिरवी की कागद सुरीने कापल्यासारखा दुभंगे. भोक पाडण्यासाठी त्याच्या टोपीत बाभळीचा काटा खोचलेला असे आणि उरलेली सर्व कामे तो दातांनी करी. अशा मनुष्याला पावसापर्यंत काहीही मागावे लागणार नव्हते. मला लागणार होते. फुलस्केप कागद अर्धा करणे, त्याला भोक पाडून दोरा ओवणे, टोक तासणे, दौतीचे घट्ट बसलेले बूच उपटणे; ही कामे रोजची, आणि ती माझ्यासारख्या सुसंस्कृत मनुष्याने दातांनी करावीत हे पक्षकारांनाही आवडले नसते.

प्रथम मी सर्व हत्यारे कोटाच्या खिशांत वाटून ठेवली. कात्री पत्नीची होती.

“माझी कातर खंय गेली?” ती म्हणाली.

“सरकारी कामात आहे.”

“मगे सरकाराक सांगा, माझ्या चोळयेक बाही लावून दी.”

कात्री परत गेली. दाभण राहिले. दुसऱ्या दिवशी मी अव्वल कारकुनांना लवून नमस्कार केला तेव्हा ते खिशातून माझ्या मांडीत शिरले, आणि माझ्या तोंडून जो शब्द बाहेर पडला तो नमस्कारापाठोपाठ सहसा उच्चारला जात नाही. त्या दिवशी खाडीच्या तरीत बसून तोंडवलीला घरी जाताना मी निश्चय केला की सर्व हत्यारे ज्याच्या पोटात मिटून राहतात असा एक चाकू घ्यायचा.

“देवाक कौल लावा,” पत्नी म्हणाली. “कसलो घेवचो ता तो सांगतलो.”

ज्या देवाला आमच्या वाडीतला बांधाचा तंटा तीन पिढ्या मिटवता आला नाही त्याला चाकूतले काय कळणार, असे मी म्हणालो. पत्नीने माझ्या वतीने स्वतःच्या गालांवर मारून घेतले आणि विषय संपवला.

पहिला चाकू मी कणकवलीच्या बाजारात घेतला. विक्रेत्याने ताडपत्रीवर मांडलेल्या मालातून तो उचलून असा काही फिरवला की पाती पंख्यासारखी पसरल्याचा भास झाला. “नऊ पाती, विलायती माल,” तो म्हणाला. किंमत इतकी कमी होती की संशय घेणे असभ्यपणाचे वाटले. एसटीत बसल्यावर मी त्याचे बारकाईने निरीक्षण केले. आठ पाती उघडत नव्हती. नववे उघडले, ते मिटेना.

“ओ, ता आत घाला,” कंडक्टर म्हणाला.

“जात नाही.”

“मगे तुमी भायर जावा.”

“तिकीट काढले आहे.”

“चाकवाचा काढलास?”

शेवटी मी ते पाते खिडकीबाहेर धरून बसलो. गाडी गच्च भरली होती. तरी माझ्या बाकावर मालवणपर्यंत कोणी बसले नाही. त्या चाकूचा मला झालेला उपयोग एवढाच. मात्र एक गोष्ट कायमची शिकलो. स्वस्त चाकू घेताना पाती किती आहेत हे विचारू नये. प्रत्येक पाते दुकानदारासमोर स्वतःच्या नखाने उघडावे, मिटावे, पुन्हा उघडावे. तो रागावला तर पुढच्या दुकानात जावे. नख मोडले तरीही पुढच्याच दुकानात जावे.

नंतर मला कोणी सांगितले की आचऱ्याला एक ख्रिस्ती गृहस्थ आहेत, जन्मभर बोटीवर स्वयंपाकी होते, आणि त्यांच्या पेटीत दुनियेतल्या बंदरांवरच्या वस्तू आहेत. मी गेलो तेव्हा ते खळ्यात बसून काजू फोडत होते.

“चाकू होयो? बस. पयला सांग, कित्याक होयो? मासो कापूक काय माणूस कापूक?”

“कागद कापायला.”

“कागद!” त्यांनी घरात हाक मारली, “आयकलस गो? कागद कापूक आचऱ्याक इलो!” आतून एक बाई हसल्या. मी काय अधिकाराने कागद कापतो हे त्यांना समजावून सांगण्यात थोडा वेळ गेला. ते सांगून झाल्यावर त्यांनी पेटीतून फडक्यात गुंडाळलेला एक चाकू काढला. बेडकासारखा फुगलेला, जड, चकचकीत. त्यातून एकामागून एक वस्तू निघू लागल्या. करवत निघाली, कानस निघाली, चिमटा निघाला आणि सरतेशेवटी एक बोथट, वाकडा आकडा निघाला.

“हा कशासाठी?”

“घोड्याच्या खुरातलो खडो काढूक.”

“पण घोडा कुठे आहे?”

“तो येगळो घेवचो पडता.”

किंमत त्यांनी सांगितली. तेवढ्या पैशांत माझ्या पत्नीने एक गाभण पाडी घेतली असती आणि पाडीने दूध तरी दिले असते. शिवाय तो चाकू खिशात ठेवून पाहिला तेव्हा कोट एका बाजूने गुडघ्याकडे निघाला. मी माझी गरज पुन्हा मनात मांडली. एक पाते, एक लहान कात्री, एक दाभण आणि बूच उपटायला एखादी चपटी पट्टी. याहून अधिक जे काही खिशात असेल ते मी बाळगणार आणि दुसरे लोक वापरणार. चाकूत करवत आहे असे कळले की सबंध तालुक्याला काहीतरी कापायचे असते.

“याहून साधा नाही?”

त्यांनी नाखुशीने तळातून एक जुना चाकू काढला. मूठ शिंगाची, पिवळट. एक पाते, चिमुकली कात्री, दाभण, पट्टी. पाठीवर बाटलीचे बूच काढायचा पिळाचा स्क्रू होता, पण तो मुळाशीच मोडलेला. मी प्रत्येक भाग उघडला आणि मिटला. खटका असा बसत होता की ऐकून समाधान वाटावे. दाभण त्यांच्या जुन्या वहाणेतून आरपार घालून पाहिले. वहाण त्यांची असल्यामुळे त्यांना ही परीक्षा विशेष आवडली नाही.

“स्क्रू मोडलेला आहे. किंमत कमी करा.”

“मोडको आसा म्हणानच म्हाग. अरे, आख्खो स्क्रू खिशात गावलो तर पोलीस इचारतलो, बाटली खंय आसा? मोडको बगून काय इचारतलो? ह्यो स्क्रू न्हय, ह्यो दाखलो. तू दारू पिणस नाय म्हणान दाखलो.”

दारूबंदीच्या भानगडीत सापडलेल्या पुष्कळ निरपराध्यांचे अर्ज मी लिहिले होते, आणि लिहिताना त्यांच्या तोंडाचा वास सहन केला होता. त्यामुळे हा मुद्दा मला खोडता आला नाही. अखेर थोडे पैसे आणि त्यांच्या विहिरीच्या तक्रारीचा एक लांबलचक अर्ज, यावर सौदा ठरला. अर्ज मी तिथेच, त्याच चाकूने कागद कापून लिहिला.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले विशेष ऐटीचे होते. पक्षकार समोर बसला की मी खिशात हात घाली, खटका वाजे, आणि ज्याला नुसते दाखल्याचे काम असे तोही कात्री पाहण्यासाठी पुढे सरके. शेजारी खांबाआडून पाहत असे.

“किती दात आसत रे तेका?” त्याने एकदा विचारले.

“चार.”

“माझ्या सासूक तीनच आसत. तरी ती जास्त चावता.”

त्याचे अंगठ्याचे नख एकदा कापतानाच तुटले. तो क्षण मला गोड वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. आता हा उठणार, आत जाणार, कात्री मागणार! त्याने तुटलेले नख निरखले, थुंकले, आणि डाव्या अंगठ्याने काम पुढे चालू केले.

मृग तोंडावर आला. दोघांपैकी कोणीही आत हात पसरला नव्हता आणि साहेब कोणाला ठेवणार हे कोणालाच माहीत नव्हते. अशात प्रांत साहेब तपासणीला आले. त्याच सुमारास रत्नागिरीहून नकाशांचे एक पार्सल आले, जाड कापडात शिवलेले आणि लाखेने बंद केलेले. ते त्यांच्यासमोर उघडायचे होते. कात्री कपाटात होती. कपाटाची किल्ली अव्वल कारकुनांच्या जानव्याला होती आणि अव्वल कारकून जेवायला घरी गेले होते. मामलेदार साहेब बगलेत पार्सल घेऊन व्हरांड्यात आले. मागे दारात प्रांत साहेब उभे.

“तुमच्याकडे चाकू असतो ना? द्या लवकर.” आणि त्यांनी माझ्यापुढे हात केला.

कचेरीने माझ्यापुढे हात पसरला होता. माझी जागा पक्की झाली असे मला स्पष्ट दिसले. मी चाकू काढला, सर्वांत धारदार पाते उघडले, मूठ त्यांच्याकडे केली, आणि चाकू जमिनीवर ठेवला. त्यांच्या बुटांपाशी, नीट, अदबीने.

आमच्याकडे धारेची वस्तू कोणी कोणाच्या हातात देत नाही. दिली तर देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे भांडण होते. ती खाली ठेवावी, समोरच्याने उचलून घ्यावी. माझ्या पत्नीने आणि मी जन्मभर विळी, कोयता, कात्री सर्व जमिनीवरूनच एकमेकांना दिले आहे, आणि आमचे भांडण झाले नाही असा एक दिवस मला आठवत नाही. या चालीवर माझा काडीचा विश्वास नाही. पण हाताला ते कोणी कळवले नव्हते. घाटावरही ही चाल असेल, नाही असे नाही. परंतु वरिष्ठांच्या देखत रिकामा हात पुढे करून उभ्या असलेल्या मनुष्याला चालीरीती आठवत नाहीत.

“हे काय?” साहेब म्हणाले.

“चाकू, साहेब.”

“तो दिसतो आहे. मग मी वाकून घेऊ?”

खरे उत्तर ‘होय’ असे होते, आणि घाबरलेल्या मनुष्याच्या तोंडून खरे उत्तर आधी निघते.

“होय, साहेब.”

दारात प्रांत साहेब हसले. फार मोठ्याने नव्हे, पण पुरेसे. इतक्यात खांबापलीकडून माझा शेजारी सरपटत आला, त्याने चाकू उचलला आणि दोन्ही हातांनी साहेबांच्या तळव्यावर ठेवला. “घ्या, सायबानू.” त्या मनुष्याला ही चाल माझ्याइतकीच ठाऊक होती. त्याच्या घरात मिरची-मीठसुद्धा कोणी हातात देत नसे. त्याने भांडणाचा दोष उघड्या डोळ्यांनी स्वतःवर घेतला, व्हरांड्याच्या कौलांसाठी.

अर्ध्या तासाने शिपाई चाकू घेऊन आला. त्याने उकिडवे बसून तो माझ्यापुढे जमिनीवर ठेवला.

“उठा आता. पावसाच्या आत जागा मोकळी होयी.”

“पण मी काही मागितले नाही! हुकूम मागणाऱ्यासाठी होता.”

“तुमी खंय मागितलास? मागितलेनी सायबांनी. तोच तर राग.”

त्या रात्री मी माझ्या हयातीतला सर्वोत्कृष्ट अर्ज लिहिला. ‘मेहेरबान साहेब व अर्जदार यांच्यात कोणत्याही प्रकारचा कलह उद्भवू नये, केवळ या सद्हेतूने सदरहू चाकू अर्जदाराने भूमीवर ठेवला, सबब हे कृत्य अवमानाचे नसून परमादराचे समजण्यात यावे.’ यातला एकही शब्द बदलावा असे मला आजही वाटत नाही. अर्ज वाचला गेला, खाली सही झाली आणि तो दप्तरी दाखल झाला. इतरांच्या अर्जांचे पुढे काय होते हे मला प्रथमच आतून कळले.

कचेरीसमोर एका शिंप्याची पडवी होती. तिथे मी बसू लागलो. भाडे नव्हते, त्याऐवजी मुंबईला असलेल्या त्याच्या भावाला दर आठवड्याला एक रागाचे पत्र लिहावे लागे. मशीन सुरू झाले की माझे टेबल हाले आणि ‘अर्जदार’मधला रफार दिसेल तिकडे जाऊन पडे. पावसात पडवीच्या कडेने पागोळ्या माझ्या पाठीवर पडत. रस्त्यापलीकडे शेजारी माझ्या पूर्वेच्या जागेवर सरकून बसलेला मला दिवसभर दिसे.

मी वाट पाहत होतो ती त्याच्या आणि साहेबांच्या भांडणाची. शिपायालाही त्यात रस होता.

“आता जुंपतला बगा,” तो चहाला जाताना सांगून जाई. “आज सायब चिडलेले आसत.”

जुंपली नाही. उलट साहेबांनी त्याला एकदा आत बोलावून बशीभर चहा पाजला. त्यांच्या मुलीच्या बारशाला तो सहकुटुंब जाऊन आला. चालीरीती किती बिनबुडाच्या असतात याचा पुरावा माझ्यासमोर रोज सकाळी दहा ते पाच बसत असे, आणि तरी घरी पत्नीने सुरी मागितली की मी ती जमिनीवरच ठेवत असे.

चाकूने मात्र मला उपाशी ठेवले नाही. एकदा एक दर्यावर्दी तळहातात रुतलेली मासे धरायची गरी घेऊन आला. “वायच तुझो चाकू दी रे.” मी पायरीवर ठेवला, त्याने उचलला, दात खात गरी कापून काढली, पाते लुंगीला पुसले आणि जाता जाता म्हणाला, “तू अर्ज लिवतंस ना? होडयेच्या लायसनाचा एक लिव मगे.” असे बरेच आले. कोणी काट्यासाठी आले, कोणी बुचासाठी; पण व्हरांड्यात येत तेवढे नव्हेत. निम्म्याहून थोडे अधिक म्हणू.

दुसऱ्या पावसाळ्यात मामलेदारांची बदली झाली. माझ्या शेजाऱ्याने त्यांना हार घातला. भांडण शेवटपर्यंत झाले नाही. नंतरच्या आठवड्यात शिपाई रस्ता ओलांडून पडवीत आला.

“येतास काय? नवो सायब दोघांक बसूक देता. तेका अर्जवाल्यांचा कायच पडलेला नाय.”

मानाने बोलावल्याखेरीज मी त्या पायरीवर पाऊल ठेवणार नाही, असे उत्तर मी वर्षभर मनात घोटून ठेवले होते. ते चांगले जमले होते. त्यात दोन उपवाक्ये होती. पण शिंपी जेवायला गेला होता, पाऊस भुरभुरत होता, आणि शिपाई उत्तरासाठी न थांबता परत निघाला होता. मी कागद कोटाच्या आत घातले, दौतीला बूच लावले आणि त्याच्या मागोमाग रस्ता ओलांडला.

शेजाऱ्याने वर पाहिले नाही. पूर्वेची जागा सोडण्याचा त्याचा विचार दिसला नाही. लिहिता लिहिताच त्याने आपली दौत खांबाच्या पलीकडून अलीकडे घेतली, म्हणजे पश्चिमेला मनुष्यापुरती जागा झाली.

“झड येता थंय,” तो म्हणाला. “भितीक टेकून बस.”

मी भिंतीला टेकून बसलो.